डिस्क घेताना

"दोन्ही चार टीबीच आहेत, मग स्वस्तातली घ्या ना!" घरच्या सर्व्हरसाठी हार्ड डिस्क मागितल्यावर लॅमिंग्टन रोडवर दुकानदार म्हणाला.

मॉडेल नंबर मोबाइलवर शोधला. स्वस्तातली एसएमआर (शिंगल्ड मॅग्नेटिक रेकॉर्डिंग) प्रकारची निघाली. यात ट्रॅक, म्हणजे डेटा लिहायच्या गोल रेघा, कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात; एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. रेडमधली (RAID, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा टिकावा म्हणून अनेक डिस्क जोडून केलेली रचना) एक डिस्क गेली आणि नवी भरायची वेळ आली, की हे काम फार रखडू शकतं. नेमका तेव्हाच उरलेल्या डिस्कवर सगळा भार असतो.

घरच्या सर्व्हरला प्रोसेसर जुना चालतो हो. पण डिस्कवर आजीच्या आवाजाचं रेकॉर्डिंग राहणार आहे! महागातली सीएमआरच, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली, घेतली. बॅकअप वेगळा ठेवणारच, कारण चुकून डिलीट केलेली फाइल मिररमध्ये (दोन डिस्कवर एकच डेटा ठेवणाऱ्या रेडमध्ये) दोन्हीकडून जाते.

खोक्यावर मात्र सीएमआर-एसएमआरचा उल्लेखच नाही. एवढी महत्त्वाची गोष्ट ठळक छापायला काय हरकत आहे?