मांगा: साधी आवृत्ती की कलेक्टर्स?

मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स. विकत घेताना किमतीआधी आकार बघा. इंग्रजीतला साधा खंड साधारण 5 बाय 7.5 इंचांचा, तर ‘बर्सर्क’ या मालिकेची डिलक्स आवृत्ती 7 बाय 10 इंच, पुठ्ठा बांधणी, एकात तीन खंड. बारीक रेघांच्या चित्रांना हा फरक मानवतो. संवादांवर चालणाऱ्या हलक्याफुलक्या मालिकेला नाही. जपानी ‘कान्झेनबान’मध्ये (म्हणजे ‘संपूर्ण आवृत्ती’त) मालिका आधी ज्या मासिकात छापून आली, त्यातली रंगीत पानं बहुधा परत मिळतात, साध्या खंडात तीच करड्या छटेत येतात. ‘स्लॅम डंक’चे साधे खंड 31, कान्झेनबान 24.

‘थ्री-इन-वन’ला (तीन साधे खंड एकाच पेपरबॅकमध्ये) मात्र कलेक्टर्स समजू नका. ती स्वस्ताई आहे: पातळ कागद, नुसता गोंद, जाड पाठ. पूर्ण उघडलं की पाठीवर पांढरी चीर पडते आणि जोडपानावरचं चित्र मधल्या घडीत गडप होतं. नागपूरच्या सीताबर्डी बाजारात पुस्तक हातात घ्याल तेव्हा पाठीचं वरचं टोक बघा. घडी केलेल्या पानांच्या जुड्या दिसल्या तर बहुधा शिलाई आहे. सपाट कापलेली कड म्हणजे गोंद.

नागपुरात खरा शत्रू कूलर. मे महिन्यात 45 अंशांत कोरडा झालेला कागद रात्री कूलरची ओल पितो, मग पानं लाटांसारखी वळतात. कपाट कूलरच्या झोतात नको, बाहेरच्या भिंतीपासून दोन बोटं दूर हवं. जाड डिलक्स खंड तिरपे ठेवू नका, पानांच्या वजनाने पाठ सुटते. सरळ, शेजारच्या पुस्तकांना टेकून उभे करा. जागा उरली तर आडवे, एकावर एक फार तर तीन.

बजेट बेताचं असेल तर मालिका साध्या खंडांतच पूर्ण करा. अर्धवट डिलक्स संच पुढे विकतानाही भाव देत नाही.