तुम्ही विचारलंत म्हणून: गूळ घातला की तळाशी चिक्की का होते?

"ताई, गूळ घातला की खाली चिक्की का होते?" जळगाव असो, अमळनेर असो की धुळं, स्टिकी बन, म्हणजे तळाला गूळ-लोण्याचा थर घालून भाजायचे आणि टिन पालथा करून काढायचे गोड रोल, करणाऱ्यांचा हाच प्रश्न. लगेच दुसरा तयार असतो: "मग साखरच घालू का?" मैदा मळणं, रोल वळणं, दोऱ्याने काप करणं तुम्हाला येतं, त्यामुळे ते परत सांगत नाही. पण या प्रश्नाच्या आधी हमखास एक वाक्य येतं आणि माझं डोकं तिथे फिरतं: "पाक मात्र अगदी बरोबर केला होता." अहो, पाक करायचाच नाहीये!

एका घरातला आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) घाणा सांगते, त्यात सगळं आलं. गूळ पाव किलो. पाण्यात टाकून गोळी होते का ते बघत गोळीबंद पाक केला, त्यात मूठभर लोणी आणि कच्चे शेंगदाणे. हात इतका सवयीचा, की पाक बघायला घड्याळसुद्धा लागलं नाही. तो टिनमध्ये ओतला, वर बन मांडले, 180 अंशांवर 35 मिनिटं भाजले. बाहेर काढून "जरा निवू दे" म्हणत 20 मिनिटं ओट्यावर ठेवले. मग परात लावून टिन उलटा केला. काहीच पडलं नाही. टिन ठोकला, कडेने उलथणं फिरवलं. तेव्हा बनांची वरची अर्धी टोपरं परातीत आली. खालचा भाग आणि सगळा गूळ टिनला चिकटून राहिला. सुरीच्या टोकाने काढलेला तुकडा दाताखाली कडकन वाजला, आणि त्यातला शेंगदाणा मात्र कच्चाच. पाहुणे बसलेले, परातीत फुटलेले बन. "गूळच खराब निघाला," हा निकाल तिथल्या तिथे लागला.

गूळ खराब नव्हता. गोळीबंद पाक साधारण 115 ते 120 अंशांचा असतो, चिक्कीचा 145 च्या पुढचा. दोघांमधला फरक मुख्यतः पाण्याचा. गोळीबंद पाक टिनमध्ये ओतून तुम्ही तो आणखी अर्धा तास तापवता. पाणी उडत राहतं आणि तळ चिक्कीकडे सरकतो. या पदार्थात पाक ओव्हनच करतो, गॅसवर गूळ फक्त विरघळवायचा. इतकंच. चिक्की आणि लाडू करून हात तयार झालेल्यांना हे सगळ्यात जड जातं. नवख्या मुली गूळ नुसता वितळवतात आणि त्यांचे बन सुटतात, याचा आमच्या पिढीला थोडा रागच येतो.

20 सेंमीच्या चौकोनी टिनला, म्हणजे नऊ बनांना, माझं माप असं. 100 ग्रॅम बारीक चिरलेला गूळ, 60 ग्रॅम लोणी, 2 मोठे चमचे पाणी, 1 मोठा चमचा मध, चिमूटभर मीठ. मंद आचेवर गूळ विरघळला आणि पहिला बुडबुडा आला की गॅस बंद. गाळून घ्या, गुळात काडीकचरा आणि रेती निघतेच. कोमट झाल्यावर 2 चमचे साय फेटून घाला. उकळत्या गुळात घातली तर फाटते, गुळाच्या चहात दूध फाटतं तसंच. गूळ जुना, कोरडा असेल तर पाणी चमचाभर जास्त. टिन सुट्या तळाचा नको, सगळं गळून ओव्हनमध्ये जळतं.

शेंगदाणे आधी भाजून, सालं काढून, पाकळ्या करून घ्या. पाकात बुडालेला दाणा नीट भाजत नाही, म्हणून तो कच्चा राहतो. अक्रोडही हलके भाजा. मूळचा फिलाडेल्फियाकडचा हा बन पिकानचा, म्हणजे अक्रोडासारख्या एका दाण्याचा. पिकान इथे महाग, आणि भाजलेल्या शेंगदाण्यासमोर मला तो फिकाच वाटतो. कूट मात्र घालू नका, सगळं लोणी पिऊन बसतं.

भाजताना टिन खालच्या खणात. तळाला पाकाचा थर असतो, त्यामुळे बन खालून उशिरा शिजतात आणि छोट्या ओटीजीची (घरगुती विजेच्या ओव्हनची) वरची सळई माथा आधीच काळा करते. 180 अंश, 25 ते 30 मिनिटं, 15 मिनिटांनंतर वर फॉइल. मधला बन शेवटी होतो. थर्मामीटर असेल तर त्याच्या पोटात 90 अंश बघा.

बाहेर काढल्यावर पाच मिनिटं थांबायचं. लगेच उलटलात तर पातळ पाक ओघळून मनगटावर येतो आणि गुळाचा चटका चिकटून राहतो. (बसलाच, तर वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटं. टूथपेस्ट नको.) पंधरा मिनिटं थांबलात तर पाक टिनला धरतो. धरलाच, तर टिन मंद गॅसवर अर्धा मिनिट फिरवा, सुटतो. टिनपेक्षा मोठी, काठाची परात घ्या, फडकी कोरडी घ्या, एका झटक्यात पालथं करा आणि टिन मिनिटभर तसाच राहू द्या.

आता साखरेचं. "गूळ नको, साखर घ्या," हे मीच वर्षानुवर्षं सांगत आले. ते उत्तर सोयीचं होतं: साखरेचा रंग बदलताना दिसतो, गूळ आधीच तपकिरी, करपला तरी कळत नाही. तो मुद्दा मला अजून पटतो. पण साखरेचा थर दुसऱ्या दिवशी रवाळ होऊ शकतो, मध किंवा लिक्विड ग्लुकोज घालून तो सांभाळावा लागतो. गुळात ग्लुकोज-फ्रुक्टोज थोडं मुळातच असतं, म्हणून तो मऊ राहतो. म्हणजे मी कोणत्या बाजूची? घाईच्या दिवशी साखरेची, हे मान्य.

आणि मे महिन्यात करत असाल तर यीस्ट निम्मं घ्या: 300 ग्रॅम मैद्याला 5 ऐवजी अडीच-तीन ग्रॅम, दूध फ्रिजमधलं गार. 44 अंशांच्या दुपारी पीठ तासाच्या आतच फुगून आंबूस वास मारतं, आणि लोणी तर 35 अंशांच्या आसपासच वितळत असल्याने रोलमधून गळतं. पीठ रात्रभर फ्रिजमध्ये फुगू द्या, पहाटे लाटा. डिसेंबरात उलट; तेव्हा दोन तासही कमी पडतात.

"कुकरमध्ये होतील का?" होतील, पण तळाला पाक घालून नाही, आच खालून येते आणि तो जळतो. बन कोरडे भाजा, वरून कोमट गूळ-लोणी आणि दाणे ओता. त्यांना स्टिकी बन म्हणायचं की नाही, यावर भांडायला मी कधीही तयार आहे.