रकान्यातले उत्तर

अर्जाच्या दुसऱ्या पानावर प्रश्न होता : आपणांस न्यायालयाने कधी दोषी ठरवले आहे काय? मी ‘नाही’वर खूण केली, दीड महिना मन लावून काम केले आणि पडताळणीचा अहवाल आला त्याच दुपारी मला काढण्यात आले. मारामारीच्या गुन्ह्यात चौदा महिन्यांची शिक्षा भोगून मी नुकताच सुटलो होतो. मालक म्हणाले, “शिक्षेचे मी पाहून घेतले असते, खोटे बोललास त्याचे काय करू?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

खरे बोलल्याने दारे उघडतात, असे मात्र मी कुणाला सांगणार नाही. डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ महिलेने अमेरिकेतील मिलवॉकी शहरात सारख्या पात्रतेचे तरुण नोकरी मागायला पाठवले आणि निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध केले. गोऱ्या उमेदवारांपैकी गुन्ह्याची नोंद नसलेल्यांना ३४ टक्के ठिकाणांहून बोलावणे आले, नोंद असलेल्यांना १७ टक्के. कृष्णवर्णीय उमेदवारांसाठी हेच आकडे १४ आणि ५ होते. शिक्षा भोगून झाल्यावरही चालू राहणारी ही शिक्षा मला अन्यायाची वाटते. तरीही हे आकडे वाचून मला एक हिशेब कळला : दुसऱ्याने जिथे दहा अर्ज करावेत, तिथे मला निदान वीस करावे लागतील, आणि प्रत्येक नकार माझ्या लायकीवरचा निकाल नसेल.

किती सांगायचे, हे आधी कायद्याला विचारावे. ब्रिटनमध्ये १९७४च्या कायद्यानुसार ठरावीक काळ लोटल्यावर बऱ्याचशा शिक्षा बहुतेक नोकऱ्यांसाठी सांगाव्या लागत नाहीत, मात्र मुलांशी संबंध येणाऱ्या कामांसारखे अपवाद आहेत. अमेरिकेतील हवाई राज्याने १९९८ साली, नोकरी देऊ केल्यानंतरच मालकाने हा प्रश्न विचारावा, असे ठरवले. जिथे सांगणे बंधनकारक नाही, तिथे न सांगणे म्हणजे लबाडी नव्हे. जिथे विचारण्याचा अधिकार आहे, तिथे माझी तीन वाक्ये तयार असतात : काय केले, तेव्हापासून काय बदलले, आणि आज कोणते काम येते. पहिले वाक्य सर्वांत लहान असावे आणि त्यात दुसऱ्या कुणाला दोष नसावा. मला ते साधायला वर्ष लागले.

परवाना लागणाऱ्या व्यवसायांत चौकशी शिक्षणाआधीच करावी. किशोरवयात गाडी लुटल्याबद्दल आठ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढलेले अमेरिकन कवी रेजिनल्ड ड्वेन बेट्स येल विद्यापीठातून कायदा शिकले, तरी वकिलीच्या सनदेसाठी त्यांची पुन्हा कसून चौकशी झाली. ती त्यांना २०१७ साली मिळाली.

मी वेल्डिंग निवडले, कारण त्यात सांधाच साक्ष देतो. तुरुंगाच्या कार्यशाळेत हात बसला होता. परीक्षेत दोन जाड पत्रे जोडायचे, थंड झाल्यावर वरची खपली हातोडीने उडवायची, तारेच्या ब्रशने घासायचे. मग सांध्याच्या आडवी पट्टी कापून ती यंत्रात इंग्रजी ‘यू’सारखी वाकवतात. मर्यादेपेक्षा मोठी भेग उघडली की उमेदवार नापास. माझी पट्टी वाकली, फुटली नाही, आणि परीक्षकांनी तिच्यावर बोट फिरवून कागदावर सही केली. त्या सहीने मला जे दिले, ते कुणाच्या सहानुभूतीने दिले नसते, म्हणूनच ज्यात काम मोजून, तपासून पाहता येते असे क्षेत्र निवडा, असे मी आग्रहाने सांगतो.

सध्या माझ्या हाताखाली असाच शिक्षा भोगून आलेला एक तरुण आहे. त्याची पहिली पट्टी फुटली, दुसरी टिकली. सोमवारी त्याची मुलाखत आहे. काल यंत्रे बंद झाल्यावर त्याने ती तीन वाक्ये मला म्हणून दाखवली. पहिल्याच वाक्याला तो थांबला आणि ‘माझ्याकडून घडले’ खोडून ‘मी केले’ असे त्याने स्वतःहून लिहिले.