कास्तामोनूचा मिशीवाला क्योचेक

इस्तंबूलच्या पहिल्याच रात्री आम्ही जेवणासोबत नाच दाखवणाऱ्या एका हॉलमध्ये गेलो. बेली डान्स करणाऱ्या दोन मुलींनंतर झेन्ने आला, म्हणजे पुरुष नर्तक. उघडी छाती, कमरेला नाण्यांची झालर. पोटावरून लाट अशी सरकवायचा की त्या दोघींहून काकणभर सरसच. पण तो आला तशी शेजारच्या टेबलांवर खसखस पिकली. एका पाहुण्याला त्याने हात धरून नाचायला उठवलं, तेव्हा तर हसण्यात संगीत ऐकू येईना. टाळ्या भरपूर पडल्या, पण त्या गमतीला होत्या, नाचाला नव्हत्या. मला फार लागलं ते.

'झेन्ने' हा शब्द मुळात तुर्की लोकनाट्यात स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषाचा. बालगंधर्वांचं नाव निघालं की माझी आजी पदर सावरून बसायची. आणि त्याच आजीच्या गावच्या जत्रेत तमाशातला नाच्या फडावर आला की शिट्ट्या, शेरे, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत पोरं त्याची नक्कल करायची. गणपत पाटलांना तर पडद्यावरची ती भूमिका जन्मभर चिकटली. त्या रात्री हॉटेलवर परतताना हेच सगळं डोक्यात होतं.

चार दिवसांनी साफ्रानबोलू पाहून आम्ही कास्तामोनूला पोहोचलो. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकांनी जवळच्या गावात पुतण्याच्या लग्नाला नेलं. दावुल म्हणजे मोठा ढोल, आणि झुर्ना म्हणजे आपल्या सनईची चुलत बहीण, पण आवाज कितीतरी करडा. अंगणात पुरुषांचं रिंगण, बायका गच्चीवर. रिंगणात क्योचेक उतरला, म्हणजे घागरा घालून नाचणारा पुरुष. चाळिशीचा गडी, भरघोस मिशा, विजारीवर रंगीत घेरदार घागरा, बोटांत झिल नावाच्या छोट्या झांजा. कंबर हलली, घागऱ्याचं चक्र झालं. मी कानोसा घेत होते, आता हसतील. कोणी हसलं नाही. म्हातारे मांडीवर ठेका धरून होते. एकाने दावुलवाल्याला चाल वाढवायची खूण केली, आणि क्योचेक गुडघ्यांवर बसून मागे झुकला तसा गच्चीवरून मोठा हाकारा आला. मग दौलतजादा सुरू झाला. दुसरा शब्दच नाही त्याला. कमरपट्ट्यात नोटा खोचल्या जात होत्या.

उस्मानी, म्हणजे ऑटोमन, काळातल्या इस्तंबूलात क्योचेक म्हणजे कोवळ्या वयात शिकवून तयार केलेली मुलं. त्यांच्यावर कवनं झाली, त्यांच्यापायी प्रेक्षकांत मारामाऱ्या झाल्या. त्या वेडात पोरांच्या वाट्याला काय येत असेल, या विचाराने पोटात कालवतं. 1850च्या दशकात बंदी आली. काळ्या समुद्राकडच्या या मुलखात मात्र नाच टिकला, आणि तो आता संसारी, मोठ्या माणसांच्या अंगात आहे. कैरोत 1834 साली उलटं घडलं होतं: बायकांच्या जाहीर नाचाला बंदी झाली आणि पुरुष नर्तकांना मागणी आली.

नाच थांबल्यावर क्योचेक आमच्याजवळच घाम पुसत चहा प्यायला बसला. काकांच्या मुलीला दुभाषी करून मी काकांना नाच्याबद्दल सांगितलं. ते मन लावून ऐकत होते.

"मग लग्नाला त्याला बोलावता ना तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"जत्रेत बोलावतो," मी म्हणाले.