आतल्या गाठीचा

आज आत्याचा फोन आला. दिंडोरीच्या दादाच्या द्राक्षबागेत यंदा घडच नाहीत, आणि हे त्याला छाटणीच्या आधीपासून ठाऊक होतं म्हणे. आत्या म्हणाली, "पहिल्यापासून आतल्या गाठीचाच तो." ते ऐकून मला फार लागलं.

'ताकास तूर लागू दिली नाही' हे त्या वेळेपुरतं असतं. लग्न ठरल्याचं लपवणाऱ्या मैत्रिणीलाही आपण ते हसत ऐकवतो. 'आतल्या गाठीचा' मात्र माणसाला कायमचं चिकटतं. ओठात एक, पोटात एक, आणि पोटातल्यात स्वतःचा डाव, असा सगळा आरोप त्यात येतो. कमी बोलणाऱ्या सुनांना तर ते किती पटकन लावतात!

दादाचा यात कसला डाव? द्राक्षाचा घड दिसतो ऑक्टोबर छाटणीनंतर, पण तो ठरतो एप्रिलच्या खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत, काडीवरच्या डोळ्याच्या आत. त्या दिवसांत ढग आणि पाऊस राहिला, ऊन मिळालं नाही, की सूक्ष्म घड धरतच नाहीत; पुढे फुटीवर घडाच्या जागी नुसती बाळी, म्हणजे वेलीचा ताणा येतो. म्हणून छाटणीआधी काड्या तपासून घेतात. दादाही सप्टेंबरात नाशिकला त्यासाठीच आला होता. पंचवटीत आमच्याकडे जेवला, पोरांच्या शाळेची चौकशी केली आणि निघाला. रिपोर्ट तेव्हा त्याच्या खिशात होता. पुढे छाटणी केली, डोळे फुटायची पेस्ट लावली, मजुरी भागवली, औषधं उधारीवर आणली. वहिनीलाही चकार शब्द नाही.

मी तरी याला कुढा म्हणेन. कुढा माणूस लपवतोच, पण त्याचा जाळ त्यालाच लागतो. घुमाही तो नाही; घुम्याच्या गप्प बसण्याचा त्रास घरादाराला होतो, आणि दादा तर सगळ्यांशी हसून बोलत होता. शिवाय डोक्यावर सोसायटीचं कर्ज असताना बाग गेल्याचं सांगायचं तरी कुणाला? औषधवाला उधारी थांबवतो, आणि तोंडातून निघालेली गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर होते.

आत्याला हे सगळं सांगितलं. तिला पटलं नाही. "बायकोला तरी सांगायचं," म्हणाली. ते मात्र खरं आहे. वहिनीने फवारणीच्या दिवसांत त्याच्या बरोबरीने राबायचं आणि तिलाच काही माहीत नसावं, हे बरोबर नाही.

रविवारी दिंडोरीला जाते. उधारी किती झालीय ते आधी विचारीन, आणि वहिनीसमोरच विचारीन.