दहाव्या आठवड्यातला रिकामा रॉड

परळला माझं फिजिओचं क्लिनिक आहे. खांद्याचे पेशंट रोजच येतात, पण वजन उचलणारी पोरं आली की मी जास्त सावध असते कारण दुखणं दाबून टाकायची त्यांना सवय असते आणि ऑपरेशननंतर नेमकी तीच नडते.

लालबागचा एक पोरगा, वय २६. जर्क मारताना, म्हणजे खांद्यापर्यंत आणलेलं वजन झटक्यात डोक्यावर नेताना, खांद्यातलं सुप्रास्पायनेटसचं टेंडन फाटलं (हात वर उचलणाऱ्या स्नायूला हाडाशी जोडणारा दोर), दुर्बिणीतून ऑपरेशन करून ते हाडाला परत शिवलं. ६ आठवडे स्लिंग, म्हणजे हात गळ्यात अडकवायची झोळी, त्यानं अगदी नीट घातली. दहाव्या आठवड्यात आईसोबत आला आणि बसायच्या आधीच मोबाईल पुढे केला, मॅडम हे बघा. व्यायामशाळेत रिकामा रॉड, म्हणजे २० किलो, डोक्यावर नेलेला. अजिबात दुखलं नाही म्हणाला. वर हेही, की वेटलिफ्टर संकेत सरगरनं बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थला कोपर दुखावलेलं असताना पुढचा अटेम्प्ट मारलाच ना!

२०२२ ची ती मॅच मीपण बघितलीय, सांगलीचा पोरगा, एकूण २४८ किलो, गोल्ड फक्त १ किलोनं हुकलं, अंगावर काटा आला होता. पण नंतर त्याला कोपराचं ऑपरेशन करावं लागलं हेही खरंय. आणि त्याच्यापुढे कॉमनवेल्थचं मेडल होतं, तुझ्यापुढे त्या दिवशी कुठली स्पर्धा होती, असं मी त्याला विचारलं. गप्प बसला.

मग आई म्हणाली, मॅडम, हा रात्री त्या कुशीवर वळला की उठून बसतो, दोन दिवस झाले. हे त्यानं मला सांगितलंच नव्हतं.

जोर मोजायचं यंत्र टेबलावरच होतं पण हात लावला नाही, दहाव्या आठवड्यात पूर्ण ताकद लावून ढकल म्हणणं हाच धोका. त्याऐवजी शर्ट काढायला लावला, हात हळू वर नेऊन हळूच खाली आणायला सांगितला आणि त्याच्याच मोबाईलवर पाठीमागून व्हिडिओ काढला. पुढून हात पूर्ण वर गेलेला दिसतो, पण मागून बघितलं तर खांदा कानाकडे चढलेला, फरा, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, लवकरच बाहेर सरकलेला आणि खाली येताना मध्येच हात धपकन पडतोय. तीनदा बघितला त्यानं, एक शब्द बोलला नाही.

टेंडनला रक्तपुरवठा कमी, हाडाला चिकटून पक्कं व्हायला महिने लागतात, दुखणं मात्र त्याच्या कितीतरी आधी जातं. स्लॅब वरून वाळलेला दिसला म्हणून सेंट्रिंग काढतो का कोणी? शिवलेलं परत फाटतं ते बहुतेक याच पहिल्या काही महिन्यांत, म्हणून मला त्या रॉडची भीती वाटली. त्याच दिवशी सर्जनला फोन केला, सोनोग्राफी झाली, शिवण शाबूत होती. मला खरंच हायसं वाटलं.

१२ आठवडे पूर्ण झाल्यावर ताकदीचं काम सुरू केलं. आधी कोपर बरगडीला चिकटवून रबरी पट्टा बाहेर ओढणं, फऱ्याचे व्यायाम, भिंतीवर पुशअप. मग रोइंग, म्हणजे वजन अंगाकडे ओढणं, मग जमिनीवर झोपून डंबेल प्रेस, कारण तिथे कोपर जमिनीच्या खाली जातच नाही आणि खांद्याच्या पुढच्या बाजूवर ताण कमी येतो. त्यानंतर रॉडचं एक टोक कोपऱ्यात टेकवून तिरका प्रेस. मानेमागून प्रेस पूर्ण बंद. व्यायाम करताना थोडं दुखलं आणि सकाळपर्यंत गेलं तर चालेल, पण रात्री झोप मोडली तर वजन लगेच कमी करायचं, आणि हे मी त्याच्यासमोर आईलाही सांगून ठेवलं.

सहा महिने झाल्यावर यंत्रावर जोर मोजला, दुसऱ्या खांद्याच्या ८० टक्के. मी ९० मागते. तो चिडला थोडा, पण पट्टा उचलून कोपऱ्यात गेला. सध्या बेंचवर हलकं वजन चालू आहे, जर्कचं सर्जनशी बोलून ठरवू.