भीमाशंकर शिडी घाट: शिड्यांबद्दल सगळे बोलतात, मधल्या कातळाबद्दल कोणीच सांगत नाही

कर्जत तालुक्यातल्या खांडसवरून भीमाशंकरला चढायच्या दोन वाटा आहेत, शिडी घाट आणि गणेश घाट. शिडी घाटाबद्दल कुठेही वाचा, कोणालाही विचारा, सगळे एकच सांगतात की तीन शिड्या आहेत, तेवढ्या जपून चढा की झालं. हे साफ चुकीचं आहे. शिड्यांचं एवढं काही नाही. खरी फाटते ती पहिल्या शिडीनंतर जो कातळ आडवा मारायचा असतो तिथे, आणि त्याबद्दल आम्हाला घरून निघेपर्यंत एकाही माणसाने एक शब्द सांगितला नव्हता. म्हणून हे सविस्तर लिहितेय. ट्रेकची सवय आहे, बूट धड आहेत, पाच-सहा तास चढायची ताकद आहे असं धरूनच लिहितेय, त्याचे धडे देत बसत नाही.

आधी गाडीचं, कारण तिथेही फसवणूक ठरलेली. मुंबईकडून येताना नेरळ किंवा कर्जतला उतरायचं आणि काशेळेमार्गे खांडस गाठायचं. कर्जतहून एसटी आहे पण फेऱ्या मोजक्या, आदल्या दिवशीच डेपोत वेळ विचारून घ्या. आम्ही नेरळला उतरलो तर स्टेशनबाहेर चार जण अंगावरच आले, "ताई, खांडसला शेअरिंग नसतंच, स्पेशलच करावी लागते," चौघांचे पंधराशे. हो-नाही करत त्यातला एक टमटमवाला बाराशेवर आला आणि वर असं दाखवत होता की आमच्यावर उपकारच करतोय. काशेळेला चौकात चहासाठी थांबलो तर समोरच खांडसच्या शेअरिंग गाड्या उभ्या, गावातली माणसं पिशव्या घेऊन बसतायत, आणि सीटमागचं भाडं ऐकून माझं डोकंच फिरलं, आमच्या पैशात सगळी गाडी भरून दोनदा गेली असती. तेव्हा तुम्ही नेरळवरून काशेळेपर्यंत शेअरिंगने या, तिथे उतरून खांडसची दुसरी शेअरिंग पकडा, भाडं बसायच्या आधी विचारा आणि ड्रायव्हरला न विचारता शेजारच्या प्रवाशाला विचारा. दुसरं म्हणजे परतीचा ॲडव्हान्स कोणालाही देऊ नका. आमच्याकडेही मागितला, आम्ही दिला नाही. संध्याकाळी खाली ठाण्याचा एक ग्रुप भेटला, त्यांनी सकाळी दिला होता, त्यांची गाडी आलीच नाही आणि फोन बंद.

खांडस गावातून रस्त्याने सरळ चालत राहायचं, अर्ध्या तासाच्या आत पूल येतो. तिथे डावीकडची वाट शिडी घाटाची, उजवीकडची गणेश घाटाची. मधे पदरगड उभा, आणि त्याच्या बाजूचा सुळका म्हणजे कलावंतिणीचा महाल. फोटो इथूनच काढून घ्या, पुढे हात मोकळे नसतात. पदरगड करायचा विचार याच दिवशी करू नका, तिथे चिमणी क्लाइंब आहे, म्हणजे कातळाच्या अरुंद फटीत पाठ आणि पाय टेकवत चढायचं, तो वेगळा दिवस आणि वेगळी तयारी.

शिडी घाटाची सुरुवात ओढ्याच्या कडेने, झाडीतून, दगडगोट्यांतून. वाट फुटते, बाण कुठे आहेत कुठे पुसलेत, पण डोंगराची मोठी घळ समोर ठेवून चाललं की चुकत नाही. पहिली शिडी लोखंडी. हलते. दोऱ्यांनी आणि तारांनी बांधलेली आहे, एकेका पायरीवर पाय ठेवताना कुरकुर आवाज येतो, तरी एका वेळी एकच माणूस चढला तर काही होत नाही. नियम एकच, वरचा माणूस पूर्ण बाजूला होईपर्यंत खालच्याने हात लावायचा नाही. हे पाळलंत की शिडीचा विषय संपला.

आता तो कातळ. शिडी संपली की उजव्या हाताला धबधब्याची घळ आणि समोर कातळ बाहेरच्या बाजूला पोट काढून उभा. त्याच्या कडेने चार-पाच पावलं आडवं जायचंय, बस तेवढंच. पण पाय ठेवायला जी खोबण आहे त्यात फक्त पुढचा चवडा मावतो आणि ती बाहेरच्या बाजूला उतरती आहे. हाताला छातीच्या उंचीवर एक खाच आहे, चांगली खोल आहे, चार बोटं आत जातात, पण आतून पाणी पाझरत असतं आणि कडेला हिरवं बुळबुळीत शेवाळं, त्यामुळे नवखा माणूस खाच सोडून वरचा सुका दगड पकडायला जातो आणि तिथे पकडण्यासारखं काहीच नाही. त्यात पाठीवरची सॅक कातळाला घासते आणि तुम्हाला बाहेर ढकलते. खाली सरळ दरी नाही पण पडलात तर थेट दगडांत. दृष्टीभय, म्हणजे खाली बघून भीती वाटायची सवय, असेल त्याने इथे यायचंच नाही, हिंमत वगैरे सगळं खाली गावात ठीक असतं. आमच्यातला माझा मावसभाऊ, ज्याने हरिश्चंद्रगड नळीच्या अवघड वाटेने केलाय, तो इथे अडकला, एक पाय खोबणीत, दुसरा हवेत, आणि मांडी शिलाईमशीनसारखी थडथडायला लागली. त्याला शांत करून, सॅक काढून घेऊन, पाय कुठे ठेवायचा ते एकेक इंच सांगून पलीकडे घ्यायला बराच वेळ गेला आणि तोपर्यंत मागे पंधरा-वीस जण शिडीखाली खोळंबलेले, त्यातले काही चक्क ओरडत होते की लवकर करा. अशा वेळी ओरडणाऱ्यांना परत पाठवायला हवं.

तर इथे असं करा. सॅक आधीच काढा आणि हातोहात पुढे द्या, कितीही हलकी असली तरी पाठीवर ठेवून जाऊ नका. तीस-चाळीस फूट रोप जवळ ठेवाच, जो सगळ्यात सराईत आहे त्याने पुढे जाऊन झाडाला बांधायचा आणि बाकीच्यांनी आधाराला घ्यायचा. पोट कातळाला चिकटवू नका, पाय दिसायला हवेत. खाच ओलीच पकडा, ती धरते. बूट ॲक्शन कंपनीचे ट्रेकिंगचे किंवा तसल्याच रबरी पकडीचे, स्पोर्ट्स शूज अजिबात नको. आणि खांडसमधून वाटाड्या घ्या, पैसे आधी ठरवून. टमटमवाल्याला जास्तीचे देण्यापेक्षा ते पैसे गावातल्या माणसाच्या हातात गेलेले कितीतरी बरे, शिवाय तो तुमचा पाय धरून बरोबर जागी ठेवतो.

पाऊस चालू असेल तर शिडी घाट नको म्हणजे नको. आम्ही गेलो तेव्हा दोन दिवस पाऊस थांबलेला होता तरी ही अवस्था. जोराचा पाऊस झाला तर त्याच घळीत पाणी वाढतं, वर जाता येत नाही आणि खाली यायला तर शिडीच पाण्याखाली. पावसाळ्यात कर्जत भागात प्रशासनाचे बंदीआदेश निघतात तेही आधी बघून घ्या. आणि कोरड्या दिवसातसुद्धा शिडी घाटाने उतरू नका, चढायला शिडी घाट, उतरायला गणेश घाट, यात काही वेगळं करायची गरज नाही.

दुसरी आणि तिसरी शिडी त्या कातळापुढे काहीच वाटल्या नाहीत. त्यानंतर पदर लागतो, म्हणजे डोंगराच्या मधली सपाटी, तिथे दोन्ही वाटा एकत्र येतात, झोपड्या आहेत, चहा, लिंबू सरबत, पिठलं-भाकरी मिळते. सरबतवाल्या मावशींनी पाण्याच्या बाटल्या विहिरीवरून भरून आणून दिल्या आणि वरचे पैसे घेतले नाहीत, टमटमवाल्यानंतर हे बघून बरं वाटलं. पाणी इथेच पूर्ण भरा.

पदरावर आलं की सगळ्यांना वाटतं झालं आता. नाही झालं. शेवटचा चढ दीड-दोन तासांचा आहे, दाट जंगलातला, आणि दम काढतो. पण मला विचाराल तर सगळ्या दिवसातला सर्वात सुंदर भाग हाच. वर ऊन येतच नाही, पायाखाली मुळं आणि काळी भिजलेली माती, हिरडा, जांभूळ, अंजनी, आणि मधेच डोक्यावरून खडखडाट झाला, बघतो तर शेकरू. लांबलचक शेपूट, तांबूस अंग, या फांदीवरून त्या फांदीवर. आपल्या राज्याचा प्राणी हा, आणि १९८५ साली जाहीर झालेलं हे सुमारे १३० चौरस किलोमीटरचं अभयारण्य मुख्यतः त्याच्यामुळेच ओळखलं जातं. आम्ही सगळे तोंड उघडून बघत राहिलो, थकवा कुठल्या कुठे. मोठ्याने बोलू नका, स्पीकर तर लावूच नका. आमच्या पुढे एक ग्रुप गाणी लावून चालला होता, त्यांना काय दिसणार आणि त्यांच्यामागच्यांना तरी काय दिसणार. जंगलात आधी देवराई जपली गेली म्हणून हे शिल्लक राहिलं, तिथे वेफर्सची पाकिटं टाकणाऱ्यांना खरंच अडवायला पाहिजे.

वर मंदिरापाशी रांग असते, श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला तर जाऊच नका, रांगेतच दिवस जाईल. नागर शैलीचं देऊळ, त्याच्या बांधकामात नाना फडणवीसांचा हात होता. बाहेरची मोठी घंटा नक्की बघा, ती पोर्तुगीज आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली त्यानंतर तिथल्या घंटा अशा ठिकठिकाणच्या देवळांत आल्या. गर्दीत लोक तिच्याखालून तशीच निघून जातात. गुप्त भीमाशंकर, म्हणजे जंगलातलं शिवलिंग, पाय शिल्लक असतील तर. नागफणी हे कड्याचं टोक मात्र सोडू नका, ढग नसतील तर सगळं कोकण खाली पसरलेलं दिसतं आणि आपण कुठून चढून आलो तेही कळतं.

पुण्याकडच्यांनी उतरूच नये, वरून मंचर, शिवाजीनगरच्या एसटी आहेत, शेवटची गाडी कधी ते पोचल्यावर लगेच स्टँडवर विचारा, देवळात जायच्या आधी. मुंबईकडच्यांनी दुपारी दीडच्या आत गणेश घाटाने उतरायला लागा. वाट मळलेली आहे, सोपी आहे, पण लांब आहे आणि गुडघ्यांची पुरती वाट लावते, काठी घ्या. अंधार पडल्यावर खांडसला शेअरिंग मिळत नाही आणि मग स्पेशलवाला सांगेल तो भाव, त्यामुळे उशीर होतोय असं दिसलं तर रेंज असेपर्यंत वरूनच गावातल्या ओळखीच्या गाडीवाल्याला फोन करून भाडं ठरवून टाका. सकाळी खांडसला उतरतानाच दोन-तीन नंबर घेऊन ठेवा.